कोणता ड्रायव्हर काढायचा?

ज्यांच्या आजोबांच्या मिठागरावर आपलं हे कंटेनर यार्ड उभं आहे आणि ज्या आजही खाल्ल्या मिठाला जागतात, त्या आजच्या अध्यक्षा माननीय सत्यवतीताई घरत. व्यासपीठावरचे सर्व संचालक आणि अधिकारी. पहिल्या रांगेत बसलेले, आखातातली नोकरी संपवून खास पत्नीच्या निवृत्तीसाठी पनवेलला परतलेले इक्बालभाई नाखवा. मागे थेट दारापर्यंत उभे असलेले माझे ट्रेलरवाले, क्रेनवाले, काट्यावरचे आणि फाटकावरचे बंधू-भगिनी. आणि ज्यांच्या नावाने आज हे सभागृह भरलं, त्या आपल्या संगणक विभागाच्या प्रमुख जमिलाआपा, आपणा सर्वांना माझा नमस्कार आणि आदाब.

मी बळीराम भगत, ट्रेलर चालक संघटनेचा अध्यक्ष. व्यवस्थापनाच्या समारंभात संघटनेच्या माणसाच्या हाती माईक देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, हे संचालकांना ठाऊक आहे. तरी दिला. कारण आपांनी अट घातली होती म्हणे, "बळीरामभाऊ बोलणार असतील तरच मी हार घालून घेईन." सत्यवतीताई, आपण आत्ताच घड्याळाकडे पाहिलंत. मी पाहिलं. मी थोडक्यातच बोलणार आहे. (मागून हसू नका रे. एकदा तरी विश्वास ठेवा.)

मित्रहो, भाषणाची सुरुवात मी एका शब्दाने करतो. नाखवा. आपांचं आडनाव. मूळ फारसी शब्द नाखुदा. नाव म्हणजे होडी, खुदा म्हणजे धनी. नावेचा धनी, जहाज हाकणारा. म्हणजे साध्या मराठीत, समुद्रावरचा ड्रायव्हर! तेव्हा या सभागृहात आज ड्रायव्हरांनी ड्रायव्हरालाच निरोप द्यायला गर्दी केली आहे. इक्बालभाई, तुमच्या घरात स्टिअरिंग कुणाच्या हातात असतं, हे मी विचारणार नाही. तुमच्या चेहऱ्यावरून ते सगळ्यांना कळतंय.

पण 'ड्रायव्हर' या शब्दाने आपल्या यार्डात एकदा काय अनर्थ केला, ते नव्या मंडळींना माहीत नाही. जुन्यांना माहीत आहे, पण प्रत्येकाकडे त्याची वेगळी आवृत्ती आहे. एका आवृत्तीत ट्रेलरची रांग रोडपालीपर्यंत गेली होती. तेवढी गेली नव्हती. मी संघटनेचा माणूस असूनही सांगतो, तेवढी गेली नव्हती.

झालं असं. आपल्या फाटकावर वजनकाटा आहे. ट्रेलर काट्यावर चढतो, ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरतो, बाजूच्या पत्र्याच्या केबिनमधला संगणक वजन टिपतो, पावती छापतो, गाडी पुढे. त्या वर्षी दसरा झाला आणि हा संगणक अधूनमधून अंग टाकू लागला. वजन चालू असताना पडदा एकदम निळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि सगळं ठप्प. पुन्हा सुरू केला की शहाण्या मुलासारखा चालायचा. थोड्या वेळाने पुन्हा निळा.

केबिनमध्ये तेव्हा हरेश होता. नवीन लागलेला, घरात तीन पिढ्या ट्रेलरच्या. हरेश, उभा राहा. लाजू नको, आज तू काट्याचा मुख्य आहेस, आणि ही गोष्ट तू स्वतःच लग्नाकार्यात सांगत फिरतोस. तर हरेशने आपांना फोन लावला. आपा त्या दिवशी मुख्य कार्यालयात बैठकीला. हा म्हणाला, "मॅडम, काटा बंद. पडद्यावर ड्रायव्हर असं काहीतरी आलंय."

आपा घाईत. म्हणाल्या, "मग ड्रायव्हर खराब झालाय. जुना काढून टाक, नवा टाक. आणि बघ हं, जुना परत आत येता कामा नये. ते येतात गुपचूप परत."

आता संगणकाच्या भाषेत यात काहीही गैर नाही. संगणकाला काटा जोडा, प्रिंटर जोडा, कॅमेरा जोडा. त्या प्रत्येक यंत्राचं बोलणं संगणकाला समजावून सांगणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला म्हणतात ड्रायव्हर. तो बिघडला तर काढायचा, नवा टाकायचा. आपा त्याच्याबद्दल बोलत होत्या. पण हरेशच्या तीन पिढ्यांनी ड्रायव्हर म्हणजे एकच प्राणी पाहिलेला. आणि तो त्या क्षणी काट्याशेजारी उभा राहून, टॉवेलने मान पुसत, पावतीची वाट बघत होता. दयाराम कोळी.

हरेशने तत्कालीन व्यवस्थापकांना निरोप दिला, "साहेब, मॅडम म्हणाल्या, ड्रायव्हर खराब आहे, काढा. परत आत येता कामा नये."

त्या साहेबांचं नाव मी घेत नाही. ते आता दुसऱ्या बंदरात आहेत, सुखात आहेत, त्यांनी आजच्या समारंभाला गुच्छही पाठवला आहे. माणूस वाईट नव्हता. माणूस घाईचा होता. आणि मित्रहो, घाई जेव्हा खुर्चीवर बसते तेव्हा तिला न्याय म्हणवून घ्यायची हौस येते. साहेबांनी विचारलं, "आधी दोनदा काटा बंद पडला तेव्हा कोण होतं?" हरेशने आठवून सांगितलं. तेव्हाही दयारामच. झालं! दयारामचा गेटपास जप्त.

दयारामने विचारलं, "सायेब, मी गारी काट्याव लावली, खाली उतरलू. येवरंच केलंय. माजा काय दोष?"

साहेब म्हणाले, "ते संगणकाला विचार. त्यानेच तुझं नाव दिलंय."

हसताय तुम्ही. आज हसायला हरकत नाही. पण गेटपास जाणं म्हणजे काय, हे मागे उभे असलेल्यांना विचारा. एका फाटकावरून हाकललेल्या ड्रायव्हरला दुसरं फाटक उघडत नाही. न्हावा शेव्यापासून कळंबोलीपर्यंत बातमी ट्रेलरच्या पुढे धावते. आणि बातमी कशी? 'यंत्रं बंद पाडतो.' अशा माणसाच्या हाती परक्याचा माल कोण देईल?

दयारामची बायको जनी संघटनेच्या कार्यालयात आली. जनीवहिनी, आज तुम्ही समोर बसला आहात, चुकलो तर टोका. पदर खोचून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बलीरामभाऊ, माजा नवरा गारी चालवतो, काम्पुटर नाय चालवत! त्यानी हात तरी लावला का त्याला?"

एवढं सरळ वाक्य मी भल्याभल्या वकिलांच्या तोंडून ऐकलेलं नाही. मी तडक संगणक विभागात गेलो. टेबलावर हात आपटून आपांना म्हणालो, "तुम्ही आमचा ड्रायव्हर काढायला सांगितलात?"

आपा शांतपणे म्हणाल्या, "हो. खराब होता. नवा टाकलाय मी आज सकाळी."

"अहो, वीस वर्षं चालवतोय तो!"

"वीस? छे! चार वर्षांपूर्वीचा होता. आणि खरं सांगू, पहिल्यापासूनच कच्चा."

"त्याला बायकामुलं आहेत!"

आता आपा थांबल्या. चष्मा काढला. माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही माझाच पडदा निळा झालाय. "बळीरामभाऊ, काट्याच्या ड्रायव्हरला बायकामुलं?"

मग आम्हा दोघांना उलगडा झाला. आणि त्यानंतर जे झालं त्यासाठी मी आज इथे उभा आहे. आपा खुर्चीतून उठल्या. "या अल्लाह! मी प्रोग्राम काढायला सांगितला आणि यांनी माणूस काढला?" त्या केबिनकडे ज्या वेगाने निघाल्या, तो वेग आपल्या यार्डात वाहनांना परवानगी असलेल्या वेगापेक्षा जास्त होता.

पण गंमत बघा. आपा केबिनपाशी पोचल्या आणि त्याच वेळी काट्यावर ट्रेलर होता. दयारामचाच ट्रेलर, चालवायला दुसराच माणूस. आणि संगणकाचा पडदा पुन्हा निळा!

म्हणजे संगणकातला ड्रायव्हर बदलून झाला होता. गाडीतला ड्रायव्हरही बदलून झाला होता. आणि रोग होता तिथेच. साहेब तिथे उभेच होते. ते नव्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाले, "यालाही काढा!" मी म्हणालो, "साहेब, असंच चाललं तर संध्याकाळपर्यंत न्हावा शेव्यात एक ड्रायव्हर उरणार नाही. मग कंटेनर काय डोक्यावरून न्यायचे?"

आपांनी त्या क्षणी काय करायला हवं होतं? सोपा रस्ता होता. त्यांना म्हणता आलं असतं की माझं म्हणणं बरोबरच होतं, हरेशने चुकीचं ऐकलं, माझा संबंध संपला. विभागप्रमुख असंच बोलतात, व्यासपीठाची क्षमा मागून सांगतो. पण ही बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "हरेशने चुकीचं ऐकलं, ते नंतर. आधी मी चुकीचं सांगितलं. काट्याचा ड्रायव्हर खराब नव्हता. न बघता मी त्याचं नाव घेतलं."

त्यांनी संगणक पुन्हा सुरू केला. आधीच्या प्रत्येक वेळी तो कुणाचं नाव घेऊन कोसळला, हे त्याच्याच पोटातून काढून पाहिलं. एकदा काट्याच्या ड्रायव्हरचं नाव होतं. एकदा प्रिंटरच्या. एकदा कॅमेऱ्याच्या. आणि आजचं नाव तर त्या बिचाऱ्या नव्या कोऱ्या ड्रायव्हरचं. मग त्या मागे वळल्या आणि जे बोलल्या, ते मी संघटनेच्या कार्यालयात भिंतीवर रंगवून घेतलं आहे.

"दर वेळी एकच नाव आलं असतं तर मी त्या नावावर संशय घेतला असता. दर वेळी वेगळं नाव येतंय, याचा अर्थ नावं घेणाऱ्याच्याच खाली काहीतरी हललंय. पडद्यावर ज्याचं नाव येतं तो गुन्हेगार नसतो. तो फक्त त्या क्षणी कामावर असतो."

मित्रहो, मी आयुष्यभर कामगार कायदे वाचले, इतिहास वाचला, राज्यं का बुडाली ते वाचलं. पण या एका वाक्यात जे सापडलं ते कुठल्याही जाड पुस्तकात सापडलं नाही. घाटात अपघात होतो, नाव कुणाचं? स्टिअरिंगवर होता त्याचं. रस्ता कुणी खणला, ब्रेकची कुरकुर कुणी ऐकून सोडली, सलग दोन फेऱ्या कुणी लावल्या, त्यांची नावं पडद्यावर येत नाहीत. ती माणसं त्या क्षणी कामावर नसतात ना! दूताला मारू नये, ही आपली जुनी राजनीती. आपण दूताला तर मारतोच, वर त्याचा गेटपासही काढून घेतो.

असो. सत्यवतीताईंनी दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं.

आपा म्हणाल्या, "दयारामला बोलवा. त्याचाच ट्रेलर, तोच माणूस, रिकामा थंड कंटेनर."

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हणालो, "आपा, तो आला आणि पडदा पुन्हा निळा झाला, तर साहेब म्हणतील, बघा, सिद्ध झालं. त्याचं आयुष्य पणाला लागेल."

"आणि तो न येता मी दुरुस्त केलं तर लोक म्हणतील, बघा, दयाराम गेला आणि काटा सुधारला. चालेल तुम्हाला?"

मी दयारामला निरोप धाडला. दयाराम आला. सगळं यार्ड काट्याभोवती जमलं. जनीवहिनीही आल्या. दयारामने ट्रेलर चढवला, इंजिन बंद केलं, खाली उतरला. 

पडदा ठीक. वजन आलं, पावती आली. लोक टाळ्या वाजवू लागले. आपा ओरडल्या, "थांबा! आता थंड कंटेनरचा जनरेटर लाव, दयाराम."

कोळंबीचा माल नेणारे हे थंड कंटेनर. ट्रेलरचं इंजिन बंद केलं तरी त्यांचा डिझेल जनरेटर बंद करत नाहीत, नाहीतर माल नासतो. आणि आपल्याकडे हे कंटेनर सगळ्यात जास्त कोण आणतो? दयाराम. जनरेटर घरघरला. काटा थरथरला. काट्याच्या चौथऱ्याला टेकलेली पत्र्याची केबिन थरथरली. आणि पडदा निळा.

साहेब म्हणाले, "बघा! सिद्ध झालं!" मी आपांकडे पाहिलं. आपा हसत होत्या. "झालंच ना. काहीतरी सैल आहे, हे सिद्ध झालं. आता एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने फरक पडला, ते खुदाला विचारावं लागेल." त्यांनी संगणकाचा डबा तारांसकट केबिनबाहेर आणवला आणि लांब, पक्क्या जमिनीवर ठेवला. तोच दयाराम, तोच ट्रेलर, तोच जनरेटर घरघरतोय. पडदा शाबूत! पुन्हा वजन घेतलं. शाबूत! डबा परत केबिनमध्ये ठेवला. निळा!

आता बोला! आता तिथे आरोपी म्हणून कोण उरलं होतं? तो लोखंडी डबा!

आपांनी डबा उघडला. आत मेमरीच्या पट्ट्या असतात, म्हणजे संगणकाला ज्या गोष्टी काम करताना ध्यानात ठेवायच्या, त्यांची जागा. त्यातली एक पट्टी तिच्या खाचेत एका बाजूने वर आलेली. जरा हादरा बसला की तिचा स्पर्श सुटे. म्हणजे लिहिलं एक, वाचलं भलतंच, आणि त्या क्षणी जो ड्रायव्हर काम करत असेल तो तोंडघशी. आपांनी ती पट्टी बाहेर काढली.  पट्टीच्या सोनेरी कडेवर हळद होती. कुंकू होतं. आणि खाचेत झेंडूची एक सुकलेली पाकळी.

खंडेनवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण गाड्या धुतो, पाने-हातोडे मांडतो, यंत्रांची पूजा करतो. त्या वर्षी संगणकाचीही केली होती. आणि साहेबांनी स्वतः डबा उघडून केली होती. हरेश म्हणाला होता, साहेब, बाहेरूनच वाहू या. साहेब म्हणाले होते, "अरे, देव गाभाऱ्यात असतो, कळसावर नाही." पट्टी काढली, तिला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला आणि स्वतःच्या हाताने परत बसवली. अर्धी.

सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेबांचा चेहरा कुंकवापेक्षा लाल. कुणीतरी मागून काहीतरी पुटपुटलंही, की आता नाखवा मॅडम पूजेवर घसरणार. मित्रहो, तिथे दुसरं कुणी असतं तर त्या पाकळीवरून काय काय पेटलं असतं, हे सांगायला नको. आपल्या देशात पेटवायला हल्ली पाकळीही पुरते. आपांनी ती पाकळी अलगद उचलली, हरेशच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "हिला झाडाच्या बुंध्याशी टाक. पूजेचा काही दोष नाही, साहेब. आमचे वडीलही होडीला दर्यात लोटण्याआधी तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हात लावून दुवा मागायचे. पण दुवा मागून झाल्यावर दोर पक्का बांधला का, हेही बघायचे. पट्टी बसवताना टक् असा आवाज येतो. तो येईपर्यंत दाबायचं. तेवढं राहिलं."

मग म्हणाल्या, "खोडरबर द्या."

साहेब एवढ्या गडबडीतही बोलून गेले, "खोडरबर? चूक काय पेन्सिलीने लिहिलीय?"

"देवाची कृपा साहेब, पेन्सिलीनेच लिहिलीय. पुसता येईल."

शाळेतलं खोडरबर! त्याने त्यांनी ती सोनेरी कड हलक्या हाताने घासली. हळद गेली, कुंकू गेलं, कड चमकली. खाच फुंकली, ब्रशने झाडली. पट्टी सरळ धरली, दोन्ही अंगठे ठेवले आणि दाबली.

टक्.

केवढासा आवाज! पण काट्याभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाने ऐकला. जनरेटर चालू, केबिन थरथरतेय, आणि पडदा हलायला तयार नाही. वजन आलं. पावती आली. आपांनी ती फाडून दयारामच्या हातात दिली. तेव्हा जो जल्लोष झाला, तो मी निवडणूक जिंकल्यावरही ऐकलेला नाही. ट्रेलरवाल्यांनी एकदम हॉर्न दिले. पलीकडच्या विचुंबे गावातल्या लोकांना वाटलं, बंदरात मोठं जहाज लागलं.

पण आपांचं काम संपलं नव्हतं. त्या साहेबांना म्हणाल्या, "संगणकातल्या ड्रायव्हरचं नाव मी साफ केलं. दयारामचं तुम्ही करायचं." आणि साहेबांनी केलं. हे त्यांच्या बाजूने मला सांगितलंच पाहिजे. ज्या कर्ण्यावरून रोज गाड्यांचे नंबर पुकारतात, त्याच कर्ण्यावरून त्यांनी साऱ्या यार्डाला ऐकवलं, "दयाराम कोळी यांची काही चूक नव्हती. चूक माझी होती. गेटपास परत देत आहे." दयारामने पास घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "सायेब, पुढल्या खंडेनवमीला मना बोलवा. मी दाबून बसवतू."

साहेबही हसले. सगळेच हसले. जनीवहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या केबिनमध्ये गेल्या आणि त्यांनी आपांच्या बोटांवर राहिलेली हळद आपल्या पदराने पुसली.

मित्रहो, त्या दिवसापासून आपल्या यार्डात एक नियम आहे. कागदावर नाही, पण आहे. काहीही बंद पडलं, अपघात झाला, माल बिघडला, तर पहिल्या माणसाचं नाव घेण्याआधी कुणीतरी विचारतो, "आपा, टक् झालं का?" हा नियम एका बाईने घालून दिला, आणि तोही स्वतःची चूक चारचौघांत उचलून. संचालक महोदय, उद्यापासून त्यांच्या खुर्चीत कुणीही बसवा, माझी हरकत नाही. पण तो प्रश्न त्या खुर्चीबरोबर राहिला पाहिजे. नाही राहिला, तर बळीराम भगत टेबलावर हात आपटायला पुन्हा येईल, आणि या खेपेला त्याला ड्रायव्हर म्हणजे काय, ते दोन्ही अर्थांनी ठाऊक असेल!

आपा, तुम्हाला काय द्यावं, यावर संघटनेत बरीच भांडणं झाली. शेवटी दयारामने हात वर केला. म्हणाला, "आज आपांना घरी मी नेनार." बाहेर झेंडूच्या माळा लावून त्याचा ट्रेलर उभा आहे. कंटेनर उतरवलाय, केबिन धुतलीय. इक्बालभाई, तुमच्यासाठीही जागा आहे, पण खिडकीजवळची आपांची. आणि साऱ्या पनवेलला कळू दे की गाडी कोण चालवतोय. माझी एकच विनंती आहे, आपा. रस्त्यात काहीही झालं, तरी हा ड्रायव्हर काढायचा नाही!

अध्यक्षा महोदया, तिसऱ्यांदा घड्याळ बघूनही आपण मला बोलू दिलंत, व्यासपीठावरच्या मान्यवरांनी संघटनेची बोलणी हसत ऐकून घेतली आणि माझ्या भावंडांनी उभं राहून साथ दिली, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात माझा एखादा शब्द कुणाला खाचेतून सुटलेला, सैल वाटला असेल, तर राग धरू नका. दोन्ही अंगठे ठेवा आणि प्रेमाने दाबून बसवा.

टक्.